रोजेदाराची गोळी, सहरी आणि इफ्तार

रमजानमध्ये जेवणाच्या वेळा बदलतात, तशा औषधांच्याही बदलतात. भोर तालुक्यातील कामथडी असो वा पुणे शहर, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण असलेल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : रोजची गोळी सहरीला घेतली तर चालेल का? याचे उत्तर प्रत्येक गोळीसाठी वेगळे आहे.

पोटात गेलेली गोळी आतड्यातून रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर शरीरभर पसरते. पुढे यकृत तिचे रूप बदलते आणि मूत्रपिंड तिला लघवीवाटे बाहेर काढते. रक्तातले औषध निम्मे व्हायला पॅरासिटामॉलला 2 ते 3 तास लागतात, रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनला मात्र 30 ते 50 तास. म्हणूनच दिवसातून एकदा घ्यायची अ‍ॅम्लोडिपिन सकाळऐवजी इफ्तारनंतर घेतली, तर सहसा बिघडत नाही.

मधुमेहाचे तसे नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. ती सहरीला घेतली, तर तिचा जोर दिवसा, उपाशीपोटी चालतो आणि साखर एकदम उतरू शकते. 2001 मध्ये 13 देशांतील 12 हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांत साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसात पट वाढल्याचे त्यात दिसले.

मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा उतरत नाही. पण ती बाहेर पडते मूत्रपिंडातूनच. मूत्रपिंड कमजोर असेल आणि त्यात उन्हातान्हात शरीरातले पाणी आटले, तर ती साचत जाते. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेणेही घातक ठरते.

यासाठी दरवेळी पुणे गाठण्याची गरज नाही. ज्या डॉक्टरांनी औषध लिहून दिले, त्यांच्याकडे सगळी पाकिटे घेऊन जावे आणि वेळापत्रक बदलून घ्यावे. शक्यतो रमजानच्या आधीच. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली गेली, किंवा घाम आणि थरथर सुरू झाली, तर रोजा लगेच सोडावा. आजारी माणसाला कुरआनने सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात आणि कायमच्या आजारात फिदया देता येतो. ती सवलत घेण्यात कमीपणा नाही.