एका जुवाखालची जोडी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिनाचा आवाजही थांबला. अशा गाडीत पहिल्यांदाच बसलेला पाहुणा हमखास विचारतो, "बंद पडली की काय?" तेवढ्यात हिरवा दिवा लागतो, गाडी मुकाट्याने पुढे सरकते आणि थोडा वेग घेतल्यावर इंजिन आपणहून सुरू होते.

ही हायब्रिड, म्हणजेच संकरित गाडी. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही. पण दोघे असून भागत नाही. एका जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एक पुढे ओढू लागला आणि दुसरा अडून बसला, तर गाडी जागची हलत नाही. कोणी केव्हा आणि किती ओढायचे, हे ठरवणारा गाडीवान लागतो. इथे ते काम संगणक करतो आणि सगळी बचत त्याच्या निर्णयांवर अवलंबून असते.

श्रोतेहो, आधी एक गैरसमज दूर करू. नेहमीच्या हायब्रिड गाडीला घरी चार्जिंग करावे लागत नाही. तिच्या बॅटरीतली वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. मग इंधन वाचते कसे?

उत्तर दोघांच्या स्वभावात आहे. इंजिनाला मध्यम फेऱ्या आणि बेताचा भार मिळाला की ते उत्तम काम करते. गर्दीत रांगताना मात्र ते पेट्रोल पुष्कळ खाते आणि काम थोडे करते. मोटरचे उलट आहे. ती उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर लावते. म्हणून संगणक सुरुवात मोटरवर करतो आणि पुरेसे काम असेल तेव्हाच इंजिनाला हाक मारतो. काम कमी असेल, तर इंजिनाला त्याच्या सोयीच्या भारावर चालवून उरलेली शक्ती बॅटरीत साठवतो. चढावर किंवा पुढची गाडी ओलांडताना तीच शिल्लक मोटरमार्फत खर्च करतो. ब्रेक दाबला की मोटर जनित्र बनते आणि एरवी उष्णतेत वाया जाणाऱ्या शक्तीचा काही भाग परत मिळतो.

मात्र साठवण फुकट होत नाही. शक्तीची वीज करताना आणि विजेची पुन्हा शक्ती करताना प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होते. म्हणून केव्हा साठवायचे आणि केव्हा थेट चाकांना द्यायचे, हा हिशेब सतत चालू असतो.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसने ही वाटणी दातेरी चाकांच्या एका सुंदर रचनेने साधली. मध्ये एक 'सूर्य', त्याभोवती फिरणारे 'ग्रह' आणि सर्वांभोवती आतून दाते असलेले कडे. इंजिन ग्रहांच्या चौकटीला जोडलेले, जनित्र सूर्याला, तर मोटर आणि गाडीची चाके कड्याला. सूर्याला ३० दाते आणि कड्याला ७८. त्यामुळे इंजिनाचा सुमारे ७२ टक्के पीळ कड्याकडे जातो आणि २८ टक्के जनित्राकडे. जनित्राचा वेग कमीजास्त केला की गाडीचा वेग तोच राहूनही इंजिनाच्या फेऱ्या बदलता येतात. गिअर बदलण्याची गरजच उरत नाही. होंडाने १९९९ च्या इनसाइटमध्ये सोपा मार्ग घेतला. इंजिनाला लागूनच एक पातळ मोटर बसवली. तिथे इंजिन मुख्य आणि मोटर मदतनीस.

गाडीवानाला बॅटरीवरही नजर ठेवावी लागते. ती रिकामी झाली तर चढावर मदत मिळत नाही, आणि काठोकाठ भरली तर ब्रेकमधून येणारी वीज ठेवायला जागा नसते. म्हणून ती मधल्या पातळीवर राखतात. खंडाळ्याचा घाट उतरताना बॅटरी भरलीच, तर इंजिन पेट्रोलशिवाय नुसतेच फिरवून गाडीचा वेग आवरता येतो.

हा गाडीवान चुकला तर? फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. संगणकातल्या सूचनांमुळे विजेच्या यंत्रणेतले काही भाग प्रमाणाबाहेर तापण्याची शक्यता होती, आणि क्वचित गाडी चालता चालता थांबू शकली असती. उपाय होता तो त्या सूचना बदलण्याचा.

भारतात २०२२ पासून मध्यम आकाराच्या काही गाड्यांतही अशी जोडी मिळू लागली आहे. किंमत अर्थातच जास्त. ती मोजण्यापूर्वी आपला रोजचा रस्ता आठवावा. सिग्नल, कोंडी, थांबणे आणि निघणे हेच नशिबी असेल, तर या गाडीवानाला बचतीची संधी पावलोपावली मिळते. महामार्गावर एकाच वेगाने जाताना मात्र इंजिन तसेही चांगले चालत असते आणि गाडीवानाला करण्यासारखे फार थोडे उरते.