बेकरी, बेट आणि ४२ प्रश्नावल्या

जेनी कोलगन या ब्रिटिश लेखिकेची ‘लिटल बीच स्ट्रीट बेकरी’ ही २०१४ सालची कादंबरी. पॉलीचा धंदा बुडालाय, सोबत नातंही तुटलंय. ती कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावर पडकी जागा भाड्याने घेते आणि पाव भाजायला लागते. पुढे काय होतं ते तुम्ही न वाचताही सांगाल. कोलगनच्याच २०१६ च्या कादंबरीत नोकरी गेलेली ग्रंथपाल नीना एक व्हॅन घेते आणि स्कॉटलंडमध्ये फिरतं पुस्तकांचं दुकान काढते. नव्याने सुरुवात करणारी बाई, लहानसं गाव, प्रेम, गोड शेवट. इंग्रजीत अशा पुस्तकांची कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत.

आता समजा, यावर तुम्हाला संशोधनाचा प्रस्ताव लिहायचाय. बहुतेक जण लिहितात, ‘या कादंबऱ्यांतील स्त्रीप्रतिमेचा अभ्यास’. विषय वाईट नाही. पण त्याच प्रस्तावाच्या शेवटच्या परिच्छेदात हळूच एक वाक्य येतं: या लेखनाचा वाचक स्त्रियांवर अमुक परिणाम होतो. कुठून कळलं? अभ्यास तर फक्त पुस्तकांचा केला. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचून पेशंट बरा झाला असं सांगण्यासारखं झालं हे. (मी विज्ञानवाली, त्यामुळे उपमा अशाच सुचणार.)

हा फरक मनात पक्का बसावा म्हणून जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेचं ‘रीडिंग द रोमान्स’ हे १९८४ चं पुस्तक वाचाच. तिने १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका गावात काम केलं. गावाला तिने ‘स्मिथटन’ हे खोटं नाव दिलं. तिथल्या पुस्तकांच्या दुकानात काम करणारी एक बाई गिऱ्हाइकांना कुठली प्रेमकादंबरी घ्यावी, कुठली टाळावी हे सांगायची, त्यासाठी स्वतःचं वार्तापत्रही काढायची. पुस्तकात तिचं नाव ‘डॉट’. तिच्यामार्फत रॅडवेने १६ नियमित वाचक स्त्रियांशी गटात चर्चा केल्या आणि ४२ जणींकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या.

रॅडवेला जाणून घ्यायचं होतं की या पुस्तकांचा अर्थ बायका कसा लावतात. पण बायका पुस्तकांपेक्षा वाचण्याबद्दलच बोलत राहिल्या. वाचायला बसलं की तो वेळ माझा. नवरा, मुलं, स्वयंपाक, सगळं थोडा वेळ दाराबाहेर. म्हणजे ‘पुस्तकात काय आहे’ या प्रश्नाशेजारी ‘पुस्तक हातात घेऊन बसणं म्हणजे काय’ हा दुसराच प्रश्न उभा राहिला. तो आधीच्या आराखड्यात बसत नव्हता, तरी रॅडवेने तो बाजूला सारला नाही. माझ्या मते या पुस्तकाचं खरं मोल इथे आहे.

पुस्तकं तिने सोडली नाहीत, पण निवडीची पद्धत बघा. या वाचकांना आवडलेल्या २० कादंबऱ्या तिने घेतल्या आणि न आवडलेल्याही वेगळ्या तपासल्या. तुलनेला दुसरा गट! प्रयोगशाळेत आपण हे डोळे झाकून करतो, साहित्याच्या प्रस्तावांत मात्र ते क्वचित दिसतं. विश्लेषणासाठी तिने रशियन अभ्यासक प्रॉपची मदत घेतली. त्याने १९२८ मध्ये परीकथांचे ३१ घटनाटप्पे मांडले होते. त्याच धर्तीवर रॅडवेने १३ टप्पे काढले. पहिला टप्पा, नायिकेची सामाजिक ओळख नष्ट होते. तेरावा, ती परत मिळते. आता पॉली आणि नीना आठवा. धंदा, नोकरी, नातं गेलेली बाई. तीस-पस्तीस वर्षांनंतरही सांगाडा ओळखू येतो. पण प्रेमासोबत आता बेकरी किंवा दुकानही लागतं, आणि तो बदल कुणीतरी नीट मोजायला हवा.

आता ४२ चा मुद्दा. ‘नमुना इतका लहान?’ असं सायन्सवाले लगेच विचारतील. सगळ्या अमेरिकन वाचकांबद्दल दावा असता तर आक्षेप बरोबर होता, पण तसा दावा रॅडवे करत नाही. मला जास्त खटकते ती निवड. सगळ्या जणी एकाच डॉटच्या सल्ल्याने पुस्तकं घेणाऱ्या. मग आवड त्यांची किती आणि डॉटची किती?

सगळ्यात अवघड जागा पुढे आहे. रॅडवे म्हणते, हे वाचन घरातल्या कामाविरुद्धचा छोटासा निषेध आहे. पण पुस्तकातून मिळणारं समाधान घरी प्रत्यक्ष काही मागण्याची निकड कमी करत असेल, अशीही शंका ती मांडते. पुढे यिएन आंग या अभ्यासिकेने टीका केली की इथे स्त्रीवादी संशोधक एकीकडे आणि प्रेमकथा वाचणाऱ्या बायका दुसरीकडे अशी भिंत उभी राहते. ती टीका मुळातून वाचा. मला तर पुराव्याचीच अडचण दिसते. या बायकांनी वाचलंच नसतं तर घरात काही मागितलं असतं का? हे त्यांना विचारून कळणार नाही, कारण न वाचलेलं आयुष्य त्यांच्याकडेही नाही.

तेव्हा कुणी दादरच्या किंवा पुण्याच्या वाचनालयात बसून योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर यांच्या वाचकांवर काम करणार असाल, तर पहिल्या प्रश्नावलीत ‘का आवडतं?’ एवढ्यावर थांबू नका. कधी वाचता, कुठे बसून, त्या वेळी घरात कोण असतं, पुस्तक मिटायला कोण लावतं, हे विचारा. आणि वाचनालयाचं कार्ड बंद केलेल्या दोन-चार जणीही शोधा.