पोटॅशियम खरेच वाढले, की नमुना हलला?

सौंदडजवळून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो आणि गोंदिया-बल्लारशाह रेल्वेही. अशा गावात रक्त घेतले, तरी बऱ्याच चाचण्या दूरच्या प्रयोगशाळेत होतात. नमुना थंड डब्यातून गाडीने जातो. महानगरांतल्या मोठ्या रुग्णालयांत हेच काम भिंती-छतांतून फिरवलेल्या नळ्या करतात. नमुन्याची ट्यूब फोम लावलेल्या डबीत ठेवली की हवेच्या दाबाने डबी सेकंदाला काही मीटर वेगाने प्रयोगशाळेत पोचते. कर्मचाऱ्यांची धावपळ वाचते, अहवाल लवकर मिळतो.

पण वळणावरचे हिसके आणि शेवटचा धक्का रक्ताला सोसावा लागतो. ट्यूब अर्धवट भरलेली असेल तर रक्त आत जास्त घुसळते. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते. रक्तद्रवात ते लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल असते, पेशींच्या आत त्याच्या सुमारे तीसपट. त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाचा असा अहवाल आला तर डॉक्टर हृदयाच्या काळजीने तातडीचे उपचार सुरू करू शकतात. उलटही घडते आणि ते अधिक वाईट: खरोखर घटलेले पोटॅशियम अहवालात ‘नॉर्मल’ दिसते.

नीट बसवलेल्या नळीतून नेहमीच्या बहुतेक चाचण्यांचे नमुने सुखरूप जातात. काहींना मात्र हातानेच न्यावे लागते. प्लेटलेट्सचे काम तपासायचे असेल तर हलल्याने त्या आधीच चेतवल्या जातात. ऑक्सिजन मोजण्याच्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, तर नळीत तो रक्तात मिसळून आकडा बदलतो. काही रक्तकर्करोगांत पांढऱ्या पेशी इतक्या नाजूक असतात की नळीतून आलेल्या नमुन्यातले पोटॅशियम भलतेच वाढलेले दिसते.

आणि सगळा दोष प्रवासाचा नाही. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, सुईतूनच दाबून ट्यूबमध्ये सोडलेले रक्त. बहुतेक पेशी इथेच फुटतात.

लांबच्या वाटेवर आणखी एक गोची असते. बर्फात ठेवला की नमुना सुरक्षित, ही समजूत पक्की आहे. पण गारव्यात पेशींचा पोटॅशियम आत ओढणारा पंप मंदावतो आणि पेशी न फुटताही ते बाहेर झिरपते. फुटलेल्या पेशींनी सीरम लालसर होते, ते निदान दिसते तरी. इथे सीरम स्वच्छ पिवळे, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. नमुना गार न ठेवावा, तर साध्या ट्यूबमधल्या पेशी साखर खात राहतात. तासाला पाच ते सात टक्के. म्हणून अशा नमुन्यांसाठी सेंट्रिफ्यूज गावाजवळच हवे: रक्त गोठल्यावर फिरवून सीरम वेगळे केले आणि मगच गाडीत ठेवले, तर हे दोन्ही टळते.

विदर्भात ओळखीच्या झालेल्या सिकलसेलच्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीत मात्र तांबड्या पेशी प्रयोगशाळेत मुद्दामच फोडतात. त्यातल्या काही वाटेतच फुटल्या, तर फारसे बिघडत नाही.