वाढत्या अंगाचा किल्ट

सहा-सात वर्षांची नात स्कॉटलंडच्या हायलँड नृत्याच्या वर्गाला जाऊ लागली, की आजी-आजोबांना पहिला प्रश्न पडतो तो पोशाखाचा. ॲबर्डीनपासून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियापर्यंत हा प्रश्न सारखाच आहे. यादीही लांबलचक असते. टार्टनचा, म्हणजे रंगीत चौकडीच्या लोकरी कापडाचा निऱ्यांचा किल्ट, मखमली जाकीट किंवा बंडी, गळ्याशी लेसची झालर, किल्टशी जुळणारे लांब मोजे आणि ‘गिली’ नावाचे मऊ चामड्याचे काळे बूट. हे झाले फक्त हायलँड फ्लिंग, तलवारनृत्य आणि शॉन ट्रूस यांच्यासाठी. ‘फ्लोरा मॅकडॉनल्ड्स फॅन्सी’ आणि ‘स्कॉटिश लिल्ट’ यांना ॲबॉइन पद्धतीचा निराळा वेश लागतो, ‘सेलर्स हॉर्नपाइप’ला खलाशाचा गणवेश आणि ‘आयरिश जिग’ला लाल किंवा हिरवा झगा व टाचांचा आवाज करणारे कडक बूट. सगळे नवे घ्यायचे ठरवले तर खर्च शेकडो पौंडांच्या घरात जातो. तरीही अनेक घरांत पहिल्याच वर्षी सगळा संच मागवला जातो. अर्धवट वेशात मुलीला उभे करणे म्हणजे परंपरेचा अपमान, अशी त्यामागची भावना असते. ही भावना प्रामाणिक असली तरी तिचा आधार चुकीचा आहे. हा पोशाख कुणा पूर्वजाने एकदाच ठरवून दिलेला नाही. कायदा, सैन्य, व्यापार आणि स्पर्धांचे नियम यांनी तो तीनशे वर्षांत पुन्हा पुन्हा बदलला आहे. म्हणूनच नवशिक्या मुलीसाठी तो नृत्याच्या गरजेप्रमाणे, टप्प्याटप्प्याने आणि शक्यतो वापरलेला घेणे हेच परंपरेला धरून आहे.

16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या रणांगणावर पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी उठलेले जॅकोबाइट बंड मोडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने हायलँड वेशावर बंदी घालणारा कायदा केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षांसाठी समुद्रापार रवानगी. 1782 मध्ये हा कायदा रद्द झाला, पण मधल्या पस्तीस-छत्तीस वर्षांत एक पिढी किल्टशिवाय वाढली. शॉन ट्रूस या नृत्यात पाय झटकण्याची जी हालचाल आहे, ती बंदीच्या काळात अंगावर आलेली विजार झटकून टाकण्याची आहे असे नर्तक आवडीने सांगतात. ही दंतकथा आहे, तिला समकालीन पुरावा नाही. बंदी मात्र खरी होती आणि तिच्या कलमांत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे ती पुरुष आणि मुलग्यांपुरती होती, स्त्रियांचा त्यात उल्लेखच नव्हता. दुसरी म्हणजे राजाच्या सैन्यातल्या हायलँडरांना तिच्यातून सूट होती. घरात जो वेश गुन्हा ठरला, तो पलटणीत गणवेश म्हणून टिकला आणि साम्राज्याबरोबर जगभर गेला. या पलटणींचा महाराष्ट्राशीही संबंध आला. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर 74 आणि 78 क्रमांकाच्या हायलँड पलटणी उभ्या होत्या, आणि त्या लढाईची आठवण म्हणून त्यांना निशाणावर हत्तीचे चिन्ह मिळाले. आज लहान मुलींच्या जाकिटांवर दिसणारी चकचकीत बटणे आणि कडांची फीत पाहिली, की लष्करी गणवेशाची छाप ओळखू येते.

वेश इतका बदलत आला, तर मग ही परंपरा म्हणजे सगळाच बनाव म्हणायचा का? इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी तसेच म्हटले. 1983 साली एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ या ग्रंथातील लेखात त्यांनी दाखवले, की आखूड किल्ट हा टॉमस रॉलिन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदाराने 1720-30 च्या सुमारास हायलँडमधल्या ग्लेनगॅरीच्या मजुरांच्या सोयीसाठी रूढ केला. टार्टनची ‘कुळवार’ वाटणीही बरीचशी 1822 मध्ये राजा चौथ्या जॉर्जच्या एडिनबरा भेटीच्या आणि नंतरच्या उत्साहात पक्की झाली. 1842 मध्ये प्रसिद्ध झालेला टार्टनांचा ‘प्राचीन’ ग्रंथ ‘वेस्टिआरियम स्कॉटिकम’ तर बनावट निघाला. यातला टार्टनचा भाग भक्कम आहे. रॉलिन्सनची गोष्ट तेवढी नाही. ती मुख्यतः 1768 मध्ये लिहिलेल्या आणि 1785 मध्ये छापून आलेल्या एका पत्रावर उभी आहे, आणि कमरेला पट्ट्याने बांधायच्या मोठ्या अखंड वस्त्राचा खालचा भाग वेगळा नेसण्याची रीत त्याआधीही होती, असे अनेक अभ्यासक मानतात. पण दोन्ही बाजूंपैकी कोणाचेही खरे मानले तरी निष्कर्ष तोच राहतो. हा वेश सोयीसाठी आखूड झाला आणि प्रसंगाप्रमाणे सजला. बदल ही त्याची जुनी सवय आहे, आणि त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही.

स्पर्धांच्या काळात तो सगळ्यात जास्त बदलला, आणि तो बदल मुलींमुळे झाला. हे नृत्य पुरुषांचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुली स्पर्धेत उतरू लागल्या आणि आज नर्तकांमध्ये मुलींचेच प्रचंड बहुमत आहे. ज्या वेशाच्या बंदीत बायकांचे नावही नव्हते, तो वेश आज मुख्यतः मुलीच जिवंत ठेवत आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलींचा हा वेश सर्वांना मान्य नव्हता. 1950 च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ॲबॉइन गावच्या हायलँड खेळांच्या मेळाव्याने मुलींनी पुरुषी किल्ट घालू नये अशी भूमिका घेतली आणि त्यातून मखमली चोळीवजा बंडी, पांढरा ब्लाऊज आणि टार्टनचा घागरा असा वेश पुढे आला. म्हणजे आज ‘पारंपरिक स्त्रीवेश’ म्हणून विकला जाणारा पोशाख पंच्याहत्तरीच्या आजीहून फारसा जुना नाही. पांढऱ्या जमिनीचे ‘ड्रेस’ टार्टनही मुलींच्या स्पर्धांत सर्वाधिक दिसतात, कारण मंचावर ते दुरून उठून दिसतात. आडनावाचे टार्टन शोधत बसणाऱ्या कुटुंबांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

किल्ट मात्र नुसता दिखावा नाही, आणि म्हणून ‘साधा चौकडीचा स्कर्ट शिवून घ्या’ हा सल्ला मला पटत नाही. चांगल्या किल्टला पुढे दोन सपाट पदर आणि मागे निऱ्या असतात. निऱ्या नितंबापर्यंत हाताने टाचून बसवतात आणि त्याखाली मोकळ्या सोडतात. कापडाची चौकड मोडू नये म्हणून प्रत्येक निरी मोजून घातलेली असते. उडी घेतली की लोकरीच्या वजनाने निऱ्या उघडतात आणि पाय टेकताना मिटतात. त्या उघड-मिटीतून उडीची उंची आणि ताल डोळ्यांना दिसतो. हलक्या कृत्रिम कापडाचा स्कर्ट नुसता फडफडतो. पण हेही खरे, की परीक्षक गुण देतात ते मुख्यतः पायांच्या कामाला. स्पर्धेतल्या शंभर गुणांपैकी ऐंशी तंत्राचे असतात, दहा तालाचे आणि दहा एकूण आविर्भावाचे. ज्या मुलीला अजून पायाच्या चवड्यावर उसळता येत नाही, तिला जाकिटाची बटणे काही मिळवून देणार नाहीत. तिला घट्ट बसणारे गिली मात्र पहिल्या दिवसापासून हवेत, कारण पायाचा चवडा आणि घोटा नीट दिसल्याशिवाय शिक्षिकेला चूक दुरुस्त करता येत नाही. ‘नव्या पोशाखाने मुलीला आनंद होतो’ हे कारण मी हलके मानत नाही. पण तो आनंद तिला बसणाऱ्या जुन्या किल्टनेही होतो, आणि ढगळ नव्या किल्टने तो टिकत नाही.

सर्वांत गंभीर हरकत कारागिरांची आहे. हेरिटेज क्राफ्ट्स या ब्रिटिश संस्थेने 2021 मध्ये हाताने किल्ट शिवण्याची कला धोक्यात आलेल्या हस्तव्यवसायांच्या यादीत घातली. सगळ्यांनी जुनेच घेतले तर शिवणाऱ्यांनी काय करायचे? माझ्या मते त्यांना मारतो तो स्वस्त, यंत्रावर शिवलेला, एका हंगामात टाकून द्यायचा माल. हाताने शिवलेला लोकरी किल्ट पट्टे-बकल सरकवून रुंद करता येतो आणि एकीकडून दुसरीकडे अनेक मुलींच्या अंगावर जातो. त्याची किंमत टिकते म्हणूनच पुढचे कुटुंब नवा किल्ट शिवायला धजावते. जुन्या मालाचा बाजार नव्या शिवणकामाला आधार देतो.

तेव्हा नात वर्गाला जाऊ लागली, की आजी-आजोबांनी आधी शिक्षिकेला विचारावे आणि चांगले गिली घ्यावेत. पहिली स्पर्धा ठरली की एखाद्या मोठ्या नर्तिकेचा हाताने शिवलेला किल्ट तिच्या मापाला बसवून घ्यावा, आणि सुरुवातीच्या पातळीवर चालत असेल तर त्यावर साधा पांढरा ब्लाऊज पुरवावा. जाकीट, झालर, खलाशाचा गणवेश हे सारे ती दोन-तीन वर्षे टिकली की पाहावे. आणि तिचे अंग भरले, पाय पक्के झाले, की त्या वेळी एक किल्ट मात्र खऱ्या किल्टकाराकडून तिच्या मापाचा शिवून घ्यावा. तो खर्च पूर्ण योग्य आहे.