इंजिन उतरवा, मोटर चढवा

मूर्तिजापूर हे वऱ्हाडातलं जुनं जंक्शन. इथून नॅरोगेजचा एक फाटा अचलपूरला जायचा, दुसरा यवतमाळला. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३पासून या मार्गावर ‘शकुंतला’ ही गाडी ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याला निवृत्त केलं आणि त्याच अडीच फुटी रुळांवर डिझेल इंजिन धावू लागलं. गाडी तीच, मार्गही तोच. बदललं ते फक्त ओढणारं यंत्र.

अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांसमोर आज पंधरा वर्षं जुनी मारुती किंवा वॅगनआर उभी दिसते. पत्रा शाबूत, सीट ठीक, पण इंजिन थकलेलं. पेट्रोल कारची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करायची तर एप्रिल २०२२पासून शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं. पर्यावरण कर वेगळाच. ‘शकुंतले’सारखंच अशा गाडीचंही इंजिन उतरवून तिला विजेच्या मोटरवर चालवता येईल का?

येतं. काठमांडूत १९९३ साली डिझेलवर चालणाऱ्या विक्रम टेम्पोंमध्ये बॅटरी आणि मोटर बसवायला सुरुवात झाली, त्यातूनच तिथले ‘सफा टेम्पो’ उभे राहिले. आपल्याकडे पुण्याच्या नॉर्थवे मोटरस्पोर्टने मारुती डिझायरचं असं रूपांतर करून दाखवलं. ठाण्याच्या गोगोए-वन कंपनीने हीरो स्प्लेंडरसाठी किट काढलं आणि गावोगावच्या मोटरसायकलवाल्यांचे कान टवकारले.

गॅरेजमधलं काम वरवर सोपं वाटतं. बॉनेट उघडायचं, इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी काढायची. गिअरबॉक्स बहुतेक वेळा तसाच ठेवतात. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेमक्या मापाची जाड धातूची प्लेट बसते. तिथे केसभर जरी तिरपेपणा राहिला तरी गाडी थरथरते आणि बेअरिंग लवकर जातं. मोटरला हवी तेवढीच वीज पुरवणारा कंट्रोलर, प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम आणि दिवे, हॉर्न, वायपरसाठी १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर असा सगळा संसार त्यामागून येतो.

खरी गोम पुढे आहे. पेट्रोल इंजिन चाकं फिरवण्याखेरीज आणखी बरीच कामं करत असतं. ब्रेकच्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिनच तयार करतं. इंजिन गेलं की ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप बसवावाच लागतो. एसीचा कॉम्प्रेसरही इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्याचीही वेगळी सोय करावी लागते.

आता पल्ल्याचं गणित. लहान, हलकी कार किलोमीटरला साधारण १२० वॅट-तास वीज खाते. १५ युनिटची लिथियम बॅटरी बसवली आणि ती पूर्ण रिकामी होऊ दिली नाही, तर शंभर किलोमीटरच्या आसपास पल्ला मिळतो. अमरावती ते अकोला अंतरही जवळपास तेवढंच. याच पट्ट्यात जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला. रस्ता असा गुळगुळीत असला तरी वेग आणि एसी वाढला की बॅटरी भराभर उतरते. म्हणजे अकोल्याला पोचल्यावर चार्जिंगची हमी हवीच. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जायचं तर सुमारे सातशे मीटरची चढण आहे. टनभर वजनाची गाडी नुसती तेवढ्या उंचीवर न्यायलाच दोन युनिट लागतात. उतरताना मोटर जनित्रासारखी चालून त्यातली थोडी वीज परत देते.

वऱ्हाडचा उन्हाळा हीसुद्धा मोठी परीक्षा. अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला की उन्हात तापलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावणं तिच्या आयुष्याच्या मुळावर येतं. उन्हाळ्यात गाडी सावलीत निवू द्यावी आणि रात्री किंवा पहाटे चार्ज करावी. उष्णता सोसण्यात लोह-फॉस्फेट जातीचे सेल इतर लिथियम सेलांपेक्षा उजवे ठरतात.

धुराचं म्हणाल तर पारस आणि नांदगाव पेठ इथली वीज कोळशाचीच आहे. गाडीमागचा धूर थांबला तरी चिमणीतला उरतो. छपरावर तीन किलोवॅटचं सौर संयंत्र असेल, तर ते दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास वीज देतं. चार्जिंगमधली घट धरून एवढ्यात सुमारे ८५ किलोमीटर गाडी चालते.

खर्चाचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करायला हवा. रूपांतराला चार लाख लागतील असं धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि लिटरला पंधरा किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. वीज दहा रुपये युनिट धरली तर चार्जिंगमधली घट मोजूनही किलोमीटरला एक रुपया चाळीस पैसे. बचत पाच रुपये साठ पैशांची. चार लाख वसूल व्हायला ७१ हजार किलोमीटर लागतात. रोज वीस किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला जवळपास दहा वर्षं. तोवर बॅटरीही म्हातारी झालेली असेल. पण वर्षाला तीनशे दिवस, रोज शंभर किलोमीटर ठरलेल्या मार्गावर धावणाऱ्या गाडीचे पैसे अडीच वर्षांच्या आत सुटतात. माल पोचवणारी चारचाकी, बडनेरा-अमरावती फेऱ्या करणारी गाडी, दुपारी चार्जिंगला वेळ मिळणारी शाळेची व्हॅन: रूपांतराचा खरा फायदा यांना आहे.

कायद्याची वाटही ठरलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने त्या मॉडेलसाठी मंजूर केलेलंच किट, तेही अधिकृत केंद्रातून बसवावं लागतं. मूळ गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा पाळायची असते. मग एमएच-२७ची गाडी अमरावतीच्या आणि एमएच-३०ची अकोल्याच्या आरटीओत नेऊन आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यायची. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

म्हणून वाचकांना एकच सांगणं आहे. आधी महिनाभर गाडीचं रोजचं धावणं वहीत लिहा. आकडा शंभरच्या जवळ असेल, तर आपल्या मॉडेलचं मंजुरीपत्र विक्रेत्याकडून मागून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम द्या. आकडा वीसच्या आतबाहेर असेल, तर जुनी गाडी अधिकृत भंगार केंद्रात देऊन, साठवलेले पैसे नव्या विजेच्या गाडीसाठी राखून ठेवणंच शहाणपणाचं.