एचआयव्हीची गोळी आणि मेंदूतली गाठ

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची गाठ शस्त्रक्रियेने पुरती निघत नाही. तिच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात. २००५ मध्ये ५७३ रुग्णांच्या चाचणीत किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या कर्करोगविरोधी औषधाच्या गोळ्यांची जोड दिली, तेव्हा रुग्णांचे सरासरी (मध्यक) आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. नागपूरचे मेडिकल रुग्णालय असो की जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, उपचाराचा पाया आजही तोच आहे.

म्हणूनच संशोधकांची नजर जुन्या, ओळखीच्या औषधांवर गेली. एचआयव्हीची प्रोटीएज इनहिबिटर औषधे त्यांपैकीच. विषाणू आपली प्रथिने लांब साखळीत तयार करतो आणि प्रोटीएज हे विकर तिचे कात्रीसारखे तुकडे करते. हे औषध ती कात्री बंद पाडते. भारतात सरकारी एचआयव्ही कार्यक्रमात अशा औषधांवर आधारलेले दुसऱ्या टप्प्याचे मोफत उपचार जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि चेन्नईजवळ तांबरमला सुरू झाले.

पण कर्करोगाच्या पेशीत एचआयव्ही नसतो. मग हे औषध तिथे काय करते? याच गटातले नेलफिनावीर ‘एकेटी’ हा पेशीला तगवणारा संदेश दाबते, त्यामुळे किरणोपचाराचा मारा पेशीला अधिक लागतो. याच आधारावर मुंबईच्या टाटा मेमोरियलने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नेलफिनावीरची मोठी चाचणी हाती घेतली.

मेंदूत मात्र वाट बिकट आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडथळ्यातले पी-ग्लायकोप्रोटीन ही औषधे परत बाहेर ढकलते. गाठ उलटलेल्या १९ रुग्णांना अमेरिकेत याच गटातले लोपिनावीर-रिटोनावीर दिले गेले. १५ जणांची गाठ वाढतच राहिली, एकाची स्कॅनवर नाहीशी झाली.

ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठाने वेगळा धागा पकडला. आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन विषाणूंचे अवशेष आहे. मेनिंजिओमा आणि श्वानोमा या सहसा साध्या गाठींमध्ये त्यातला एक अवशेष जागा झालेला दिसला. रिटोनावीर, अटाझानावीर आणि लोपिनावीर यांनी प्रयोगशाळेत त्या पेशींची वाढ रोखली.

ही आशा खरी आहे, पण त्या भरवशावर कोणीही औषध दुकानातून परस्पर आणू नये. रिटोनावीरमुळे औषधे निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मंदावते, त्यामुळे मेंदूची सूज उतरवणारे डेक्सामेथासोन रक्तात साचू लागते. उलट फिट्सवरचे फेनिटॉइन लोपिनावीरचे प्रमाण घटवते. देशात कोणत्या चाचण्या सुरू आहेत, हे ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत कोणालाही मोफत पाहता येते. तिथली माहिती घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि चालू असलेल्या प्रत्येक गोळीची यादी सोबत न्यावी.