युद्धकलेची घरगुती साधने – लेखांक सहावा : फळी आणि तिची चौकट

मागील लेखांकात ओकिनावातील कराटेसाधक ज्यावर मुठीचा सराव करतात त्या माकिवाऱ्याची, म्हणजे वर निमुळत्या होत गेलेल्या आणि गवती दोरीने गुंडाळलेल्या लवचिक खांबाची, रचना आपण पाहिली. आघाताबरोबर मागे जाऊन पुन्हा मूळ जागी येणे हा त्या खांबाचा धर्म होय. फलकभेदनासाठी आज जी चौकट उभारावयाची आहे तिने मात्र तसूभरही हलता कामा नये. कोरियातील तायक्वांदोच्या परीक्षांत किंवा मासुतात्सु ओयामा यांच्या क्योकुशिन संप्रदायाच्या प्रात्यक्षिकांत फळी बहुधा सहाध्यायांच्या हाती धरलेली दिसते, आणि धरणाऱ्याचे कोपर ऐन वेळी सैल पडले म्हणजे प्रहाराची ऊर्जा फळी वाकविण्याऐवजी धरणाऱ्याला मागे ढकलण्यात खर्ची पडते. फळी अभंग राहते, मारणाऱ्याची बोटे ठेचतात आणि सारा दोष त्याच्या कौशल्यावर येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याला या विद्येचा प्रामाणिक अभ्यास करावयाचा आहे त्याने पहिली फळी फोडण्यापूर्वी चौकट बांधावी, आणि शक्य तर ती स्वतःच्या हातांनी बांधावी. कारण ती बांधताना लाकूड का तुटते हे जितके उमगते तितके शंभर प्रात्यक्षिके पाहूनही उमगत नाही.

लाकूड का तुटते याची शास्त्रीय मीमांसा मायकेल फेल्ड, रोनाल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या एप्रिल 1979 च्या अंकात केली. यांपैकी मॅकनेअर हे स्वतः कराटेतील कृष्णपट्टधारी आणि पदार्थवैज्ञानिक होते. पुढे ते अंतराळवीर झाले आणि 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ यानाच्या अपघातात मृत्यू पावले. फळीवर मूठ आदळली की फळी मागच्या बाजूस वाकते, तिचा पुढचा पृष्ठभाग दाबला जातो, मागचा ताणला जातो, आणि हा ताण लाकडाच्या सोसण्यापलीकडे गेला की मागच्या अंगाने चीर सुरू होऊन ती क्षणार्धात पुढे येते. पाऊण इंच जाडीची देवदारी फळी तुटण्यापूर्वी सुमारे एक सेंटिमीटर वाकते. आधार तेवढाच मागे सरकला तर फळी वाकावयास उरतच नाही, ही गोष्ट चौकट बांधणाऱ्याने सदैव ध्यानी ठेवावी.

या साऱ्या प्रकरणात धाग्याची दिशा हा कळीचा मुद्दा आहे. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने ताण सहन करण्यात अत्यंत बळकट असतात, परंतु एका तंतूला शेजारच्या तंतूपासून विलग करावयास त्याच्या मानाने अगदी अल्प बळ पुरते. म्हणून फळीच्या ज्या दोन कडा आधारावर टेकतात त्या धाग्याला समांतर असल्या पाहिजेत, म्हणजे चीर तंतूंच्या मधून जाते. बारा इंच रुंदीच्या लांब फळीचे दहा-दहा इंचांचे तुकडे कापावेत आणि बारा इंची बाजू आधारांच्या दरम्यान आडवी यावी, अशी प्रचलित वहिवाट आहे ती याचसाठी. हाच तुकडा नव्वद अंशांनी फिरवून आधारांवर ठेवला तर तोच हात आणि तेच लाकूड असूनही तो तुटणे दुरापास्त होते व मनगटाला इजा मात्र खात्रीने पोहोचते. प्लायवूडच्या पातळ थरांचे धागे आळीपाळीने आडवे-उभे असतात. त्यात दुबळी दिशाच उरत नाही, सबब ते या कामी सर्वथा वर्ज्य समजावे.

मापांचा हिशेबही मुखोद्गत असावा. आधारांमधील अंतर आणि धाग्याच्या दिशेची लांबी कायम ठेवून जाडी दुप्पट केली तर तोडावयास लागणारे बळ चौपट होते; धाग्याच्या दिशेची लांबी दुप्पट केली तर बळ दुप्पट होते; आधारांमधील अंतर दुप्पट केले तर ते निम्मे होते. आपल्याकडील वखारींत पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन सहज मिळते, पण त्याच्या पाट्या क्वचितच बारा इंच रुंद असतात. आठ इंची पाटी हाती लागली तर अंतर दोन-तृतीयांशावर येते, म्हणून धाग्याच्या दिशेची लांबीही दहाऐवजी पावणेसात इंच ठेवावी, म्हणजे तोडण्याचे बळ जवळपास तेवढेच राहते. नवशिक्याने अर्ध्या इंच जाडीपासून आरंभ करावा. गाठ असलेली, धागा तिरका गेलेली किंवा आधीच चीर पडलेली फळी सरावास घेऊ नये, आणि पावसाळ्यात आणलेले लाकूड मध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वारा खेळेल असे रचून वाळवावे. ओलसर फळी खूप वाकूनही तुटत नाही. काही ठिकाणी फळ्या भट्टीत तापवून ठिसूळ करतात व प्रेक्षकांपुढे मोडून दाखवितात. ही शुद्ध फसवणूक आहे, आणि फसवणूक करणाऱ्याचा हात दुसऱ्या दिवशी खऱ्या फळीपुढे उघडा पडतो.

आता चौकट. साग किंवा बाभळीचे, तीन इंच चौकोनी दोन उभे खांब भिंतीपासून सुमारे एक फूट पुढे घ्यावेत. ते वर आणि खाली लोखंडी अँगलने भिंतीला जखडावेत आणि प्रत्येकाला मागून एक तिरका टेकू द्यावा. भिंत नऊ इंची विटांची किंवा काँक्रीटची हवी. साडेचार इंची आडभिंतीचा यासाठी मुळीच भरवसा धरू नये. एक खांब पक्का आणि दुसरा लांबट छिद्रांत नट-बोल्टने सरकता ठेवला म्हणजे निरनिराळ्या रुंदीच्या फळ्यांची तजवीज एकाच चौकटीत होते. फळी खांबांच्या पुढच्या तोंडावर टेकते, दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच आधार मिळतो, खाली एक लहानशी पट्टी तिला तोलून धरते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा वेढा तिला जागी ठेवतो. हा वेढा फक्त पडू न देण्यापुरता असावा. मागे भिंतीवर गोणपाट लटकवावे, म्हणजे उडालेले तुकडे त्यात अडकतात. आधाराची पट्टी खालीवर करता यावी म्हणून खांबांना गिरमिटाने ठरावीक अंतरावर छिद्रे पाडावीत.

फळीमागील ती एक फुटाची मोकळी जागा शोभेची नव्हे. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, सरळ ठोशात हात सुमारे पाऊण ताणला गेला असता मुठीचा वेग कमाल असतो व त्यापुढे तो उतरू लागतो. म्हणजे पूर्ण ताणलेल्या हाताने फळी गाठणाऱ्याने आपला वेग आधीच घालविलेला असतो. मूठ फळीपलीकडे जाणार आहे अशा अंतरावर उभे राहिले पाहिजे, आणि तिला जाण्यास मागे अडथळा नसला पाहिजे.

हाताविषयी हयगय नको. तर्जनी आणि मध्यमा यांची गुडघी मनगटाच्या सरळ रेषेत असतात, तेथेच आघात पडावा. करंगळीकडील बाजूने मूठ बसली तर तिच्या मागील तळहाताचे हाड मानेपाशी मोडते, आणि मुष्टियोद्ध्यांत ही इजा सर्वपरिचित आहे. हाडे भाराला अनुरूप घडत जातात हे जूलियस वोल्फ याने 1892 साली मांडले, परंतु ती घडण महिन्या-वर्षांच्या मोजमापाने होते, आणि दुखऱ्या हातावर पुन्हा मारल्याने ती लवकर होत नाही. ज्यांची हाडे अद्याप वाढत आहेत अशा मुलामुलींना या चौकटीपाशी उभे करू नये. हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा भरून येण्यापूर्वी तिला पोहोचलेली इजा जन्मभर सोबत राहू शकते. त्यांना माकिवाराही नको. चिंध्यांनी भरलेली पिशवी पुरे.

प्रत्येक फळीची नोंद वहीत ठेवावी : लाकूड कोणते, जाडी व मापे किती, महिना कोणता, आणि तुटली की नाही. पुढील लेखांकात खाच आणि जिभेने जोडलेली, पुनःपुन्हा वापरता येणारी दुभंगी फळी घरी कशी बनवावी ते पाहू. वाचकांनी तोवर पाइनच्या दोन-तीन पाट्या आणून वाळत घालाव्यात आणि रंध्याला धार लावून ठेवावी.